ताईंच्या चढासाठी मोठा सिलिंडर

धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही हकिगत. सन सांगता येईल, पण आमच्या घरात सनावरून कोणाला काही आठवत नाही, जुळ्यावरून लगेच आठवतं. त्या वर्षी मी सदुसष्ट वर्षांचा होतो, माझी स्कूटर चौदा वर्षांची होती, आणि आम्हा दोघांनाही चढ झेपत नव्हता.

चढ म्हणजे टेकडीवर जाणारा रस्ता. त्याच्या टोकाला माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं घर. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणत असे. मला अक्षरं त्यांनीच शिकवली. मी गोदामात काटेवाला होतो. वजनाचे आकडे वाचता यायचे, बाकी छापलेलं सगळं मला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायचं. एकोणपन्नासाव्या वर्षी ताईंनी मला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि दोन वर्षांत वाचतं केलं. तेव्हापासून मी समोर येईल ते वाचतो, आणि वाचलेलं पाळतो. दुसरी सवय पहिलीपेक्षा महाग पडते, हे ताईंनी शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी ताईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काही महिने आहेत असं सांगितलं. घर सोडायला त्या तयार नव्हत्या. सकाळी एक बाई येऊन त्यांचं सगळं करून जायच्या आणि दुपारी आमची ही जायची. मी स्कूटरवरून सोडायचो. पण दुसऱ्या वळणावर स्कूटर गुरगुरायची, मग कुंथायची, मग मला काही न विचारता बंद पडायची. ही उतरायची आणि उरलेला चढ पायी चढायची. तिचे गुडघे धड नाहीत. मी रिकामी स्कूटर घेऊन वर पोचायचो आणि फाटकाशी उभा राहून बायको वर येताना पाहायचो. नवऱ्याच्या जातीला याहून केविलवाणी उभं राहायची जागा नसेल.

एके दिवशी ही अशीच धापा टाकत आत गेली. ताईंनी तिला बसू दिलं, पाणी पिऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "धाकटे, अशी येणार असशील तर येऊ नकोस. मी आजारी आहे. तुझी काळजी करायला मला वेळ नाही."

"ताई, अगं, जरा चढ आहे म्हणून."

"चढ काही उद्या खाली बसणार नाही. उद्यापासून येऊ नकोस."

 घरी आल्यावर ही चप्पल काढता काढता म्हणाली, "ती म्हणाली की तसंच करते. शेवटी शेवटी दाराला कडी घालून घेईल आणि मला आत घेणार नाही." मग ती भांडी घासायला लागली. ती आधीच घासलेली होती.

म्हणून मी मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. त्याला कागदाचं वावडं आहे. तो इंजिनाला कान लावतो, बोट लावतो, एकदा तर मी त्याला इंजिनातलं तेल जिभेला लावताना पाहिलं. माझं म्हणणं त्याने ऐकून घेतलं आणि फळीवरून एक खोका काढला. कोणा हौशी गिऱ्हाईकाने मागवून न नेलेला. आत मोठा सिलिंडर, मोठा पिस्टन, त्याच्या कड्या आणि आठ घड्या घातलेला एक कागद.

"काका, तुमची गाडी शंभर सीसी. हा ब्लॉक टाकला की एकशे तीस. चढाला काकू आणि तुम्ही, वर एक कपाटही जाईल."

सिलिंडरला तो ब्लॉक म्हणतो. मी कागदात लिहिलं आहे त्याप्रमाणे सिलिंडरच म्हणणार.

"किती वेळ लागेल?"

"दुपारी खोललं की दिवे लागायच्या आत बंद."

बातमी गल्लीत पसरली. इस्त्रीवाल्याने मला थांबवून सांगितलं, "काका, इंजिन कशाला वाढवता? तुम्हीच दहा किलो कमी करा." मी आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं सांगितली. माझं वजन मला कोणी रस्त्यात सांगावं, ही वेळ यायला नको होती. तेव्हापासून मी कपडे घरीच इस्त्री करतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. त्यांना सगळे परिपत्रक म्हणतात, तेही ओ देतात. ते म्हणाले, "तुम्ही इंजिनाची क्षमता बदलताय. हा साधा बदल नव्हे. मी समोर हजर राहीन."

"तुम्हाला यातलं कळतं?"

"मला हजर राहणं कळतं."

तर ठरलेल्या दुपारी मिस्त्रीने स्कूटरचं पोट उघडलं. परिपत्रक उलट्या बादलीवर बसले. मी चष्मा लावून सूचनांचा कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला लागलो. हे काम वाचून व्हावं अशी माझी इच्छा होती. मिस्त्री म्हणाला, वाचा, ऐकायला बरं वाटतं.

आता माझं वाचन स्वच्छ आहे, पण सावकाश आहे. एकेक शब्द नीट उचलून खाली ठेवत मी जातो. मिस्त्रीचे हात तसे जात नाहीत. मी चौथ्या सूचनेवर होतो तेव्हा त्याने जुना सिलिंडर उपसून काढला होता. मी सहावीवर आलो तेव्हा जुना पिस्टन बाहेर होता आणि नवा जागेवर चढत होता. पिस्टनची पिन सरकू नये म्हणून टोकाला तारेची एक चिमुकली कडी असते, तिला मिस्त्री लोक लॉक म्हणतात. ते लॉक तो पकडीत धरून दाबत होता आणि मी वाचत होतो, "सूचना क्रमांक सात. लॉक बसवण्यापूर्वी चेंबरच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे, अन्यथा…"

टिंग असा आवाज झाला. लॉक पकडीतून उडालं आणि दिसेनासं झालं.

"अन्यथा काय?" परिपत्रकांनी विचारलं.

"अन्यथा लॉक चेंबरमध्ये पडण्याचा संभव असतो," मी वाचून दाखवलं.

चेंबर म्हणजे सिलिंडरखालची इंजिनाची पोकळी. मिस्त्रीने तिच्या उघड्या तोंडात वाकून पाहिलं. मग मला म्हणाला, "काका, तुम्ही एक तर लवकर वाचा, नाही तर वाचूच नका."

लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडला. तो रिकामा वर आला. सायकलची तार वाकवून ढवळलं. स्कूटर आडवी केली, उभी केली, हलवली. परिपत्रकांचं मत पडलं की आवाज डावीकडे झाला होता. माझं मत उजवीकडे. मिस्त्री म्हणाला, मताने भागत नाही, आत असेल तर इंजिनाच्या चिंध्या करेल. पूर्ण इंजिन खाली उतरवून दोन भाग करावे लागतील. दिवे लागेपर्यंत बंद व्हायची होती ती गाडी दिवे लागेपर्यंत त्याच्या दुकानभर पसरली.

दुसऱ्या दिवशी इंजिनाचे दोन भाग झाले. लॉक नव्हतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही भाग रॉकेलने धुतले, रॉकेल फडक्याने गाळलं. लॉक नव्हतं. चौथ्या दिवशी परिपत्रकांची पत्नी खाली आली. तिच्या हातात नवऱ्याची पँट होती. पँटच्या खालच्या दुमडीतून तिने ते लॉक काढून मिस्त्रीच्या तळहातावर ठेवलं.

"धुवायला टाकताना टोचलं," ती म्हणाली. "यांच्या पँटीत काय काय निघतं, पण हे पहिल्यांदाच."

परिपत्रक म्हणाले, "मी डावीकडेच बसलो होतो."

त्यातल्या त्यात बरं एवढंच, की जोडताना कळलं, नव्या सिलिंडरचा गळा जाड आहे आणि जुन्या चेंबरच्या तोंडात तो जात नाही. तोंड मोठं करायला चेंबर लेथवाल्याकडे न्यायचा, म्हणजे इंजिन उघडावं लागणारच होतं. लेथवाला म्हणाला, आज टाकतो उद्या घ्या. त्याचा उद्या पाच दिवसांनी आला.

इकडे ही ताईंकडे जातच होती. ताईंचा हुकूम मोडून नव्हे. तिने ताईंना सांगितलं होतं की आता स्कूटर दुरुस्त झाली आहे, मी आरामात येते, धाप लागायचा प्रश्न नाही. प्रत्यक्षात ती बसने पायथ्याशी उतरायची आणि अख्खा चढ पायी चढायची. आधी निदान दोन वळणं तरी स्कूटरवर व्हायची. माझ्या उपायाने तीही गेली. मी तिला विचारलं, "मग ताईंसमोर धाप लागत नाही का?" ती म्हणाली, "नाही लागत." मी आणखी विचारलं नाही. मला इंजिन होतं.

दहाव्या दिवशी स्कूटर सुरू झाली. आवाज भारदस्त होता. मिस्त्रीने हात पुसले आणि म्हणाला, "न्या काकूंना वर."

मी कागदाची शेवटची घडी उलगडली. "सूचना क्रमांक एकोणीस. पहिले पाचशे किलोमीटर गाडी सपाट रस्त्यावर, अर्ध्या वेगाने आणि एकट्याने चालवावी. चढ टाळावा."

"काका, ते लिहितात. कोणी पाळत नाही. दीडशे झाले की चढवा."

"मग लिहितात कशाला?"

"नवीन लग्न झालंय, सासरी मुरू द्या, एवढंच म्हणायचं असतं त्यांना."

पण मी ज्यांच्याकडून वाचायला शिकलो, त्यांच्याच घराकडे जायला लिहिलेलं मोडायचं, हे मला पटेना. शिवाय पिस्टन अडकून स्कूटर कायमची बसली तर ताईंसाठी दुसरी संधी नव्हती. घरी येऊन मी हिला सूचना क्रमांक एकोणीस वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली.

"म्हणजे ही गाडी माझ्यासाठी केली," ती म्हणाली, "आणि मी सोडून सगळं करणार."

"पाचशे किलोमीटर झाले की."

"व्हा मोकळे. बस आहे मला."

तलावाभोवती सहा किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. मी रोज सात फेऱ्या मारायला लागलो, अर्ध्या वेगाने. पहिल्या दिवशी मला दोन सायकली आणि एक धावणाऱ्या बाई मागे टाकून गेल्या. दूधवाला जाताना आणि येताना दोन्हीकडून मागे टाकायचा आणि दोन्ही वेळा नमस्कार करायचा. एवढं मोठं इंजिन मांडीखाली घेऊन एवढं हळू जायला मनावर फार ताबा लागतो. पाचव्या दिवशी चौकातल्या पोलिसाने हात केला.

"काका, काही हरवलंय का?"

"नाही."

"मग कोणाला शोधताय?"

"इंजिन मुरवतोय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी कोणी आहे ना तुमच्या?" त्याने विचारलं, आणि घरी पोचलो की फोन करा म्हणून नंबर दिला. माणूस चांगला होता.

बाराव्या दिवशी पाचशे चार किलोमीटर झाले. आणि मी कागद घडी करून ठेवायच्या आधी पुन्हा एकदा पाहिला. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मी आजवर वाचली नव्हती. क्षमतेतील बदलाची नोंद संबंधित कार्यालयात करून घ्यावी.

यावर मिस्त्रीने दोन्ही हात जोडले. "काका, मी तुमच्या पाया पडतो. तिकडे जाऊ नका."

परिपत्रक मात्र म्हणाले, "जा. कागदावरची गाडी आणि दारातली गाडी एकच असली पाहिजे." मला ते वाक्य फार आवडलं. त्या वाक्याने माझे नऊ दिवस खाल्ले.

वाहन कार्यालयातल्या लेखनिकाने माझं सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला कोणी पकडलं?"

"कोणी नाही."

"तक्रार झाली?"

"नाही."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"नोंद करायला. असं लिहिलंय."

त्याने शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्याला हाक मारून मला दाखवलं. मग दोघांनी मिळून कपाटातून एक अर्ज शोधून काढला, त्यावरची धूळ झटकली. अर्जात एक रकाना होता, बदलाचे कारण. मी लिहिलं, बायकोला चढावर उतरावं लागतं. लेखनिक म्हणाला, हे कारण नव्हे, तांत्रिक लिहा. मी ते खोडून लिहिलं, चढ. तो म्हणाला, चालेल.

मग तो म्हणाला की आता तुम्ही सांगितलंच आहे, तर निर्णय होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. सांगितलं नसतं तर आणता आली असती. माझी स्कूटर मागच्या आवारात, चोरीच्या आणि अपघाताच्या गाड्यांच्या रांगेत उभी राहिली. पाचशे किलोमीटर अत्यंत सज्जनपणे चाललेली ती स्कूटर तिथे पाहून मला मान वर करवेना.

मी रोज जात होतो. रोज मला उद्या या म्हणत होते. घरी ही रोज दुपारी बसने जात होती आणि संध्याकाळी येऊन सांगत होती, आज ताईने दोनच घास खाल्ले. आज डोळे मिटूनच होती. आज मला हाक मारली ती माझ्या नावाने नाही, आमच्या आईच्या नावाने मारली. सातव्या दिवशी तिने काहीच सांगितलं नाही. मी जेवायला बसलो तेव्हा ती म्हणाली, "तुमचं ते कार्यालय किती दिवस चालणार आहे? ताई तेवढे दिवस चालणार नाही."

आठव्या दिवशी मी लेखनिकाला सांगितलं, की टेकडीवर एक बाई आहेत, त्यांनी मला वाचायला शिकवलं, म्हणून मी तुमच्याकडे आलो, आणि तुमच्याकडे आलो म्हणून माझी बायको त्यांच्याकडे नीट पोचत नाही.  माझा अर्ज त्याने गठ्ठ्यातून काढला आणि स्वतः उठून निरीक्षकांच्या टेबलावर ठेवला.

नवव्या दिवशी निरीक्षकांनी बोलावलं. धिप्पाड माणूस. माझ्या काट्याच्या सवयीने ब्याण्णव किलो, बूट धरून. ते म्हणाले, "नियमात भारासह चढाव चाचणी आहे. आमच्या आवारात चढ नाही."

मी म्हटलं, "एक चढ मला माहीत आहे."

"आणि भार?"

लेखनिक कागदात पाहू लागला. दुसराही पाहू लागला. शेवटी निरीक्षक स्वतःच माझ्या मागे बसले. स्कूटर मागून खाली गेली, पुढून थोडी वर आली. पायथ्याशी ते म्हणाले, "मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर चाचणी बाद, पुन्हा अर्ज."

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर मी श्वास रोखून धरला. स्कूटरने रोखला नाही. ब्याण्णव किलोचा सरकारी भार घेऊन ती हूं करून वर चढली, जणू तिथे वळण नव्हतंच. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि झालाही, पुढची शंभर पावलं.

ताईंच्या फाटकाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला दगडी कठडा आहे. त्यावर ही बसली होती. पिशवी मांडीवर, एक हात छातीवर, आणि डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे. धाप बसायची वाट पाहत होती. ती बसल्यावरच बेल वाजवायची, म्हणजे ताईंना कळणार नाही. माझं पाचशे किलोमीटर हिंडणं चाललं होतं तेव्हा रोज ती इथे अशी बसली असणार.

आवाज ऐकून तिने मान वर केली. मला पाहिलं. माझ्या मागे पाहिलं.

माझा हात ब्रेककडे गेला. मागून निरीक्षक म्हणाले, "थांबू नका." मी थांबलो नाही. स्वतःच्या बायकोला चढावर बसलेली पाहून, मागच्या बाजूला एक परका माणूस घेऊन, मी तिच्या समोरून गेलो. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी मान खाली घातली आहे. एवढी खाली कधी गेली नव्हती.

फाटकाशी निरीक्षक उतरले, इंजिनाला हात लावून पाहिला, खिशातून शिक्का काढून सीटवर कागद ठेवून मारला आणि सही केली. ते म्हणाले, "उत्तम चढते." मग रस्त्याकडे पाहून विचारलं, "त्या कोण?"

"माझी बायको."

निरीक्षकांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मी उतरून जातो, तुम्ही थांबा, असं म्हणून पायी निघाले. हिच्या शेजारून जाताना त्यांनी नमस्कार केला. ही आपल्या वेळाने वर आली.

"कोण होते ते?"

"निरीक्षक."

"त्यांचे पण गुडघे दुखतात का?"

मी स्कूटर स्टँडवर लावली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी ही मागे बसली.  दुसऱ्या वळणावर सवयीने तिचा पाय खाली आला, चप्पल डांबराला घासली. मी म्हटलं, "वर घे." तिने घेतला. कठडा मागे गेला. फाटकाशी उतरून तिने साडी नीट केली आणि सरळ जाऊन बेल वाजवली.

ताई डोळे मिटून होत्या. उघडले. हिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, शाळेत पाहायच्या तसं.

"आज बसली नाहीस खाली."

हिने माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे वळून म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"खिडकी आहे ना मला. रोज मोजायचे मी. कधी दहा मिनिटं, कधी वीस." मग थोडं थांबून म्हणाल्या, "येऊ नको म्हटलं तर दाराबाहेर बसून राहशील, म्हणून पुन्हा म्हटलं नाही." आणि माझ्याकडे वळून, "गाडीला काय केलंत?"

"मोठा सिलिंडर बसवला, ताई. सूचना वाचून."

"सगळ्या वाचल्यात?"

"सगळ्या."

"तरीच इतके दिवस लागले," ताई म्हणाल्या आणि हिचा हात धरून पुन्हा डोळे मिटले.

त्यानंतर आम्ही सतरा वेळा तो चढ चढलो, दोघंही बसून. अठराव्या दिवशी आम्हाला सकाळीच बोलावणं आलं. आम्ही पोचलो तेव्हा त्या जाग्या होत्या. ही त्यांच्या उशाशी बसली, मी दाराशी उभा होतो. ताई त्याच सकाळी गेल्या, दहाला वीस मिनिटं कमी असताना, ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, बुधवारी.